दोघी बहिणींची पाटी

चिंचणीच्या जमनेने आणि तिच्या धाकट्या बहिणीने, ठमीने, तारापूरच्या रस्त्याला मासळीचं दुकान मांडायचं ठरवलं. वीज केंद्राचं बांधकाम जोरात होतं आणि परदेशी इंजिनियरांच्या बायका पापलेटं शोधत गावभर हिंडत होत्या. त्यांना वाचता यावं म्हणून पाटी इंग्रजीत हवी होती. बोईसरच्या बन्सी पेंटरने ती झोकात रंगवून आणली : ‘सिस्टर्स फिश’.

बन्सी पाटी टांगणार, तेवढ्यात जमनेची अकरावीतली मुलगी हिरा ओरडली, “थांबा, बन्सीभाऊ! ह्याच्यात दुकान एकाच बहिणीचं झालंय!”

“एकीचं?” ठमीच्या हातातली टोपली कलली. नवरा गेल्यापासून ती बहिणीकडे राहत होती. दुकान तरी निम्मं आपलं, एवढ्यावर तिने उभारी धरली होती. “कोणाचं गं?”

“कोणाचं का असंना, पण एकीचंच.” हिराने ‘सिस्टर्स’मधल्या शेवटच्या ‘एस’च्या आधी, वरच्या अंगाला काढलेला शेपटीवाला ठिपका, इंग्रजीतला अपॉस्ट्रॉफी, दाखवला. “हा हितं असला की मालकीण एक. ‘एस’च्या पल्याड गेला की दोघी.”

“एवढासा सरकल्यानं?” जमना हसली.

“एवढ्यानंच, आये!”

कमलाकांत मास्तरांनी हा नियम फळ्यावर शिकवला, तेव्हा हिराने जांभई दिली होती. आज तोच नियम मावशीच्या बाजूने उभा होता!

“चुकलं असलं तर?” बन्सीने कुंचला बुडवत विचारलं.

“नाय चुकत. सरकवा!”

बन्सीने जुना ठिपका पांढऱ्या रंगाखाली झाकला आणि ‘एस’च्या पुढे नवा काढला. रंग ओला असतानाच एक गोरी बाई जीपमधून उतरली. तिने पाटी वाचली, जमनेकडे पाहिलं आणि इंग्रजीत विचारलं, “दुसरी बहीण कुठे आहे?”

हिराने आनंदाने किंकाळीच फोडली. “मावशे, तुला इचारते! पाटी वाचून इचारते!” तिने ठमीला हाताला धरून पुढे ओढलं.

बाईने हात पुढे केला. ठमीने आपला ओला हात घाईघाईने पदराला पुसला आणि तिच्या हातात दिला.

“आमी दोघी,” ती मराठीतच म्हणाली. मग जमनेला बाजूला सारून तिने सगळ्यांत मोठं पापलेट स्वतः उचललं.