शिपायांनी खाल्लेलं देज

येसाया लुहांगाने मुलीचं देज म्हणून पाच गुरं मागितली, तेव्हा नदीच्या दोन्ही काठांवरच्या गावांनी तोंडात बोटं घातली. त्या मुलखात तीन गुरांवर पोरी उजवत. पण लुहांगा हटेना. "मी तापाने अंथरुणाला खिळलो तेव्हा अख्खं शेत तेम्वाने एकटीने ओढलं. तीन गुरांत द्यायला ती काय मडकं आहे?"

नवरा मुलगा खुंबो पलीकडच्या गावचा. त्याच्या बापाने, गोंडवेने, मध्यस्थाला इतक्या खेपा घालायला लावल्या की त्या बिचाऱ्याच्या वहाणा झिजल्या. शेवटी गोंडवे पाचाला कबूल झाला. मका घरात आला की गुरं नदी उतरून येणार, असं ठरलं.

पण त्याच साली आफ्रिकेतल्या त्या साऱ्या न्यासालँडने गोऱ्या सरकारविरुद्ध पेट घेतला. सरकारने पुढाऱ्यांना धरून नेलं आणि गावंच्या गावं रस्त्यावर आली. या दोन गावांनी मिळून नदीवरचा लाकडी पूल उखडला, सरकारी गाड्या येऊ नयेत म्हणून. लोक गाणी म्हणत होते. फळीच्या एका टोकाला लुहांगा होता, दुसऱ्या टोकाला गोंडवे. देजावरून महिनोन्‌महिने एकमेकांवर रुसलेली ती दोन माणसं त्या दिवशी पहिल्यांदा एकत्र हसली.

मग दूरवरून शिपाई आले आणि पलीकडच्या गावाच्या आंब्याखाली त्यांनी तंबू ठोकले. पाठोपाठ साहेबाचा हुकूम आला. ही जादा फौज तुमच्या दंग्यामुळे आणावी लागली, तेव्हा तिचा खर्चही तुम्हीच भरा. पूल पलीकडच्या गावच्या हद्दीत होता, म्हणून दंड फक्त त्याच गावाला. रोख पैसा कुणाकडेच नव्हता, तेव्हा गुरं घ्यायचं ठरलं. आणि साऱ्या गावात धष्टपुष्ट गुरं होती ती गोंडवेने लग्नासाठी राखलेलीच.

गोंडवे मध्यस्थाला न घेता एकटाच आला. सोयऱ्याच्या दारात असं जायची रीत नव्हती. लुहांगाची बायको न्याहारावा उखळात मका कांडत होती, तिचं मुसळ तिथंच थांबलं.

"बस," लुहांगा म्हणाला.

"बसायला तोंड नाही राहिलं. सोयरीक मोडायला आलोय. पाचही गुरं सरकारने दंडापोटी लावून घेतली, परवा छावणीवर न्यायची. खुंबो म्हणतो, जोहान्सबर्गला खाणीत जातो आणि पैसे साठवून येतो. तोवर तुझ्या पोरीला कशाला अडकवू?"

तेम्वा अंगणात शेंगा सोलत होती. ती सूप खाली ठेवून घरामागे गेली. लुहांगाने कान दिला. रडण्याचा आवाज आला नाही, आणि त्याला तेच जास्त लागलं.

"त्यात ती मोडक्या शिंगाची गाय पण आहे का?" त्याने विचारलं.

"आहे."

"ती नको म्हणून निरोप धाडला होता मी."

"आता काय त्याचं. शिपायांना शिंग नाही खायचं."

गोंडवे गेला. लुहांगा दाराशीच बसला. न्याहारावाने मक्याच्या पिठाची घट्ट सिमा आणि भोपळ्याच्या पाल्याची भाजी पुढ्यात ठेवली तरी त्याने हात लावला नाही.

"फळी दोघांनी उचलली," तो म्हणाला, "आणि खर्च एकट्याने भरायचा?"

"भर मग तू," न्याहारावा म्हणाली. "जन्मात कुणाला शेंगदाणा जास्तीचा दिला नाहीस. एकदा देऊन बघ. मरत नाही माणूस."

 लुहांगा ताट ओढून जेवायला लागला.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने चर्चला जायचा कोट अंगावर चढवला, मध्यस्थाला आणि मेव्हण्याला साक्षीला घेतलं आणि नदी उतरून छावणीची वाट अडवून उभा राहिला. गुरं आली. मागे गोंडवे आणि खुंबो होते, दोघांच्याही माना खाली. पुढे साहेब आणि त्याचा जाडजूड दुभाष्या.

 लुहांगाने एकेका गुराचे दात पाहिले, पाठीवरून हात फिरवला. मोडक्या शिंगाच्या गाईपाशी नाक मुरडलं, पण तिच्याही पाठीवर थाप मारली.

"पाच. देज पोहोचलं," तो साक्षीदारांना म्हणाला. "ऐकलंत ना?"

"ऐकलं," मध्यस्थ म्हणाला. 

"म्हाताऱ्या, बाजूला हो," दुभाष्या म्हणाला. "ही गुरं दंडाची आहेत. गोंडवेची."

"मघापर्यंत होती. आता माझी. आणि आता मी ती शिपायांना देतोय. साहेबाला सांग, फळ्या मीही उपटल्या होत्या."

दुभाष्याने त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "तुझ्या गावाला दंड नाही. हे सांगितलं तर तुला बेड्या पडतील, अक्कल आहे का?"

"सांग तू."

दुभाष्या साहेबाकडे वळून काहीतरी बोलला. काय बोलला ते कुणाला कळलं नाही. म्हातारा आपल्या जनावरांचा निरोप घ्यायला आलाय, असंच काहीसं असावं. कारण साहेबाने लुहांगाकडे बघून टोपीला हात लावला आणि गुरं पुढे गेली.

गोंडवे पुढे आला. तो गुडघ्यांवर बसून हळूहळू टाळ्या वाजवू लागला, मोठ्या माणसाचे आभार मानतात तसा. लुहांगाने त्याला दंडाला धरून उठवलं.

"ऊठ रे. शिपाई बघतायत."

"मी फेडीन, लुहांगा."

"काय फेडशील? माझी गुरं होती, मी दिली. तू आपल्या सुनेसाठी झोपडी शाकार, गळकी नको."

मका घरात आल्यावर लग्न झालं. नवऱ्याच्या गावी मुलीच्या बापाने जायचं नसतं. आत्या-मावश्या तेम्वाला घेऊन निघाल्या. पूल अजून बांधलेला नव्हता, म्हणून सगळ्या लुगडी गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यातून चालल्या. लुहांगा काठापर्यंत आला.

"बाबा," तेम्वा म्हणाली, "लोक म्हणतील, लुहांगाने पोर फुकट दिली."

"पाच गुरांना दिलीय. शंका असेल त्याने शिपायांना विचारावं, चवीला कशी लागली म्हणून."

तेम्वा हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. मग ती पाण्यात उतरली. पलीकडून बायकांची स्वागताची किलकारी ऐकू येईपर्यंत लुहांगा तिथंच उभा होता. घरी आला तेव्हा न्याहारावा दारात बसली होती. तिने सरकून त्याला शेजारी जागा दिली.