थर्मासमधला घेवडा

"हळू! वाटाणा झोपलाय!"

न्हावी माझ्यावर खेकसला, तोही कुजबुजत. मी फक्त शिंकले होते. भोवती आमच्या भाजीच्या मळ्यातली झाडून सगळी मंडळी बूट काढून, नुसत्या मोज्यांवर चिखलात उभी. बुटांच्या आवाजानं म्हणे बियांची झोपमोड होते. निवृत्त पोस्टमन आजोबा तर जमिनीला तोंड लावून अंगाई गात होते. बेसूर! मी वाटाणा असते तर पहिल्या ओळीलाच उठून पळाले असते.

हा मळा म्हणजे गावाबाहेरची मोकळी जमीन. घरटी एकेक तुकडा वाटून दिलेला, ज्यानं त्यानं आपली भाजी पिकवायची. तिथे मधोमध खुर्ची टाकून अंकुरमहाराज बसले होते. डाव्या हाताला एक थर्मास, उजव्या हाताला एक.

"बी म्हणजे बिंदू!" महाराज म्हणाले. "बिंदूत सिंधू! आणि सिंधूत काय?"

"मासे!" न्हावी भक्तिभावानं ओरडला आणि लगेच स्वतःच्याच तोंडावर हात ठेवून वाटाण्याची माफी मागितली.

विधी असा: वाटाणा-घेवडा आम्ही सगळेच पेरण्याआधी रात्रभर भिजवतो. ते भिजवलेलं बी महाराजांकडे द्यायचं. ते थर्मासमधल्या मंत्रजलात टाकणार, दुपारभर मंत्र म्हणणार आणि लांब दांड्याच्या पळीनं स्वतः पेरणार. मन शुद्ध असेल तर अंकुर येतो. नाही आला, तर तुमचा हात करपलेला. आणि पेरलेलं उकरून बघायचं नाही. तशी ती आमची जुनीच सवय, उकरलं की कोवळा कोंब मोडतो. त्यामुळे कुणाला काही खटकलंच नाही.

सगळ्यांचं बी उगवलं. माझ्या मावशीचं तेवढं दोनदा गेलं. मावशीचा तुकडा नळाला लागून, मळ्यात सगळ्यात चांगला. "आज शेवटची पेरणी," महाराजांनी बजावलं होतं. "याही वेळी उगवलं नाही, तर करपलेल्या हातातली जमीन आमच्या सेवेत येईल."

तुकडा गेला असता तरी मी एक वेळ सोसलं असतं. पण मावशी शिवणकाम करते, तिनं मशीन बंद करून ठेवलं. त्याहून वाईट म्हणजे घरात तान्ही नात. काल मी गेले, तर वहिनी रडकुंडीला आलेली. "आई, घ्या ना हिला जरा. मला निदान आंघोळ तरी करू द्या!"

मावशी कोपऱ्यात उभी. दोन्ही हातांत भट्टीतलं भांडं धरायचे जाडजूड हातमोजे. "नको गं बाई. माझा हात लागला तर सुकेल पोर."

माझं डोकंच फिरलं. अख्ख्या गल्लीची पोरं अंगाखांद्यावर खेळवलेली बाई ही! आणि आज मळ्यातही तेच हातमोजे घालून, मान खाली घालून उभी होती.

महाराजांनी डाव्या थर्मासातून तिचा घेवडा पळीनं काढला, पेरला, माती लोटली. मी दातांची डॉक्टर. दवाखान्यातून थेट तिकडेच आले होते, त्यामुळे खिशात दात तपासायची सळई होती. सरळ पुढे गेले आणि उकरायला लागले.

"पाप! पाप!" सगळे कुजबुजत किंचाळले.

घेवडा वर आला. चिमटीत धरला, तर साल सुटून आली. फुंकून तोंडात टाकला आणि चावला. "मावशी, अगं, हा शिजलाय!"

सगळे माना पुढे करून बघायला लागले. मग महाराज गरजले, "तिच्या हाताच्या दाहानं शिजला!"

"अहाहा!" लोकांनी माना डोलावल्या.

"हात? तिनं तर हातमोजे घातलेत, आणि बियाला शिवलीसुद्धा नाही!" मी म्हटलं. "बरं, राहू द्या. महाराज, डाव्या थर्मासातला एक घोट घेऊन दाखवा."

"आज आमचं मौन आहे," महाराज मोठ्यांदा म्हणाले.

"मी घेतो! माझं भाग्य!" न्हाव्यानं थर्मास उचलून तोंडाला लावला.

"आई गंऽऽऽ!"

मळ्यातला एकही वाटाणा त्यानंतर झोपलेला असणं शक्य नव्हतं. थर्मास आडवा झाला, वाफेचा लोट उठला. मी न्हाव्याला खाली बसवून जीभ बाहेर काढायला लावली आणि नळाच्या पाण्याच्या चुळा भरायला सांगितल्या. तेवढ्यात महाराज मोज्यांवरच पळाले, कोबीत घसरले, उठले आणि पुन्हा पळाले.

"उजव्यात गार पाणी," मी दुसरा थर्मास उघडून सगळ्यांना बोट बुडवायला लावलं. "गार पाण्यात बी फुगतं आणि उगवतं. कढत पाण्यात मरतं. ज्याची जमीन हवी, त्याचं बी डाव्यात. बाकी मनं-बिनं काही नाही. त्यानं पळी का धरली? कढत बी कुणाच्या हाताला लागू नये म्हणून."

"आणि माझी अंगाई?" पोस्टमन आजोबांनी हिरमुसून विचारलं.

"गा की. वाटाण्याला कान नाहीत, त्याची काही तक्रार नाही."

वाचणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे. कुणी 'उकरू नका' म्हणालं, की का नको ते विचारा. कारण पटलं तर थांबा. विचारणंच पाप म्हणालं, तर खुशाल उकरा.

मावशीनं हातमोजा काढून एक घेवडा तोंडात टाकला. सावकाश चावला. "मीठ नाही यात," ती म्हणाली आणि हसता हसता रडायलाच लागली. "म्हणजे माझा हात..."

"चांगला आहे गं तुझा हात. पहिल्यापासून चांगला होता."

ती तशीच चिखलाच्या मोज्यांनी घराकडे धावली, मी मागोमाग. हात खसखसून धुतले आणि तिनं नातीला उचललं. छातीशी धरलं. वहिनी दारातच टॉवेल घेऊन उभी राहिली.

थोड्या वेळानं मावशीनं आपल्या कपड्यांकडे पाहिलं आणि आनंदानं ओरडली, "सुकली नाही गं! चांगली ओली आहे!"