अस्तराखालचं नाव

अस्तर शिवायला सामुराईचा लोखंडी शिरटोप उलटा मांडीवर घेतला आणि आत पाहून मी कपाळावर हात मारला. "अहो, हे कुणाचं नाव कोरलंत?"

माझे यजमान योहेई कोपऱ्यात मान खाली घालून कानस पुसत होते. जिन्बेई मालकांच्या भट्टीवर त्यांची एकतीस वर्षं गेली. पत्रे ठोकायचे, एकावर एक चढवायचे, खिळे असे घासायचे की लाखेखाली बोटालाही लागू नयेत. टोपाच्या आत, मागच्या पत्र्यावर नाव मात्र मालकांचं. रीतच तशी. मालकांचा हात थरथरायला लागल्यापासून तर ते नावही योहेईच कोरत, अगदी हुबेहूब.

यंदा मालक म्हणाले, बासष्टच्या बासष्ट पत्रे तू एकट्याने जोडलेस, तर नाव तुझंच घाल. देवळातल्या भिक्षूकडून ते कागदावर लिहून आणलं. लिहिता न येणारा हा माणूस आठ दिवस चुलीतल्या राखेत आपल्या नावाची दोन चित्राक्षरं गिरवत होता. माझा भात दोनदा करपला. आणि आज छिन्नी हाती घेतली, तर सवयीने मालकांचं नाव कोरून मोकळा!

लोखंडावरचं पुसता येत नाही. मला रडूच आलं.

"असू दे गं," ते म्हणाले, "टोप चांगला झालाय ना."

तेवढ्यात मालक काठी टेकत आले. मी टोप पुढे केला. त्यांनी आत कोरलेल्या नावावरून बोट फिरवलं.

"माझं नाव माझ्याहून बरं काढतोस, गाढवा. तो कागद आण."

योहेईंनी टोप घट्ट धरला आणि मालकांनी थरथरत्या हाताने छिन्नी चालवली. दोन अक्षरं कोरता कोरता जेवणवेळ टळून गेली. मालकांचं नाव सरळ, देखणं. त्याच्याखाली माझ्या नवऱ्याचं, वेडंवाकडं, एक रेघ तर थेट खिळ्यावर चढलेली.

"शिव आता, तोमे," मालक धापा टाकत म्हणाले. "कोण बघणार आहे म्हणा."

"कापड कुजलं की बघतील की."

"शंभर वर्षं जातील."

"जाऊ देत. आम्हाला कुठे घाई आहे?" मी म्हटलं, तसे मालक हसले.

मी शिवायला घेतलं. शेवटचे चार टाके उरले तेव्हा अस्तराचा कोपरा वर धरून योहेईंना हाक मारली. ते वाकले, खालच्या नावावरून एकदा अंगठा फिरवला.

"पुरे," म्हणाले, आणि हात धुवायला गेले.