फिल्टरची वाटी

शेवगावात आप्पासाहेबांच्या गॅरेजात कानिफनाथ पंधरा वर्षं हेडमिस्त्री होता. बाहत्तरच्या दुष्काळात बन्सी कामाला लागला, आणि सहा महिन्यांत गिऱ्हाइकं दारातूनच विचारू लागली, "बन्सी हाय का?"

बन्सी लष्कराच्या वर्कशॉपमधून सुटून आलेला. ऑइल फिल्टरची वाटी उतरवली की आधी खाचेत जुनी रबरी रिंग चिकटून राहिली नाही ना, ते बघायचा. खाच पुसून नवी रिंग बसवायचा, बोल्ट बेताने आवळायचा आणि इंजिन चालू करून कुठं तेल पाझरतंय का, ते वाकून बघत राहायचा.

"तेवढ्यात मी दोन गाड्या मोकळ्या करतो," कानिफनाथ म्हणे. पण त्याच्या गाड्या कधीमधी तेल गाळत परत येत, बन्सीची एकही नाही. हेच त्याला सलत होतं.

एका बाजारच्या दिवशी डॉक्टरीणबाईंची अँबॅसडर आली. दहा वर्षं ती कानिफनाथच्याच हाताखालून गेलेली. बाई म्हणाल्या, "बन्सीलाच करू द्या." कानिफनाथच्या अंगाचा नुसता भडका उडाला.

काम आटोपून बन्सी भाकर खायला गेला. कानिफनाथने फिल्टरच्या बोल्टला पाना लावून पाहिला. बोल्ट जरासा फिरला. 'ढिला सोडलाय! ह्याचं काम मला निस्तरावं लागतं, असं मालकांना सांगतो.' त्याने पान्याला लांब पाईप चढवला आणि अंगाचा भार टाकला. कट् असा आवाज आला. वाटी जिथं बसते ती बिडाची बैठक तडकली होती.

बोलायला हवं होतं. पण मनात आलं, तेल गळेल अन् नाव बन्सीचं होईल. तो हात धुऊन बाजूला झाला.

तासाभरात बाई घाईने आल्या. दुष्काळी कामावर खडी फोडणारी गीताबाई सकाळपासून अडली होती. तिच्याकडेच निघालेल्या डॉक्टरीणबाई चावी घेताना म्हणाल्या, "तुझ्या हातची गाडी असली की मला घोर नसतो, बन्सी."

गाडी गेली. मागे रस्त्यावर तेलाची काळी रेघ उमटत गेली. आता चार-पाच मैलांत इंजिन जाम होणार, तेही उघड्या माळावर. कानिफनाथच्या डोळ्यांपुढे ती अडलेली बाई आली. त्याने सायकल काढली. बाजारातल्या बैलगाड्यांत गाडी अडकली होती, म्हणूनच ती गाठता आली.

"बाई, इंजिन बंद करा!"

मागोमाग बन्सीही धावत आला. तेल पाहून त्याचा चेहरा उतरला. "माझंच काय चुकलं..."

कानिफनाथला अजूनही गप्प बसता आलं असतं.

"तुझं न्हाई. मी पाईप लावून आवळला. बैठक फुटली."

"कशापायी, दादा?"

कानिफनाथने सायकल गॅरेजकडे वळवली, मालकांची जीप मागायला.

आप्पासाहेबांनी आपली जीप दिली. बाईंना घेऊन ती बन्सीनेच नेली. गीताबाई सुखरूप सुटली, तिला मुलगी झाली. कानिफनाथला आप्पासाहेबांच्या शिव्या खाव्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी तो एसटीने नगरहून नवी बैठक घेऊन आला. बन्सीने पाना त्याच्याच पुढे केला. "तुमी बसवा, दादा."

बन्सीने चार शब्द सुनावले असते तर बरं, असं कानिफनाथला वाटलं. हा चांगुलपणाही त्याला झोंबला. तरी त्याने विचारलं, "किती आवळायचा?"

बन्सीने त्याच्या हातावर हात ठेवला. "बास. इथं."

"एवढाच?"

"एवढाच."