ओझं वाहिलेली हाडं

अनंतने व्हीलचेअर पहिल्या रांगेच्या कडेला लावली, ब्रेक दाबून पाहिले आणि आईच्या मांडीवर शाल पसरली. "हलू नकोस," एवढं बजावून तो व्यासपीठाकडे गेला.

बायडाबाई कशाला हलते? खुर्ची घरी येऊन तीनच दिवस झाले होते. "फक्त माझ्या व्याख्यानापुरती गं, पार्किंग लांब आहे," असं अनंत म्हणाला होता. पण आज सकाळी सून हेमा स्टुलावर चढून तिची काठी माळ्यावर टाकत होती, ते बायडाबाईने पाहिलं होतं. व्याख्यानापुरत्या आणलेल्या खुर्चीसाठी काठी माळ्यावर जात नाही, एवढं कळायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही.

गेल्याच्या आदल्या दिवाळीत ती बाथरूममध्ये घसरली. मोडलं काहीच नाही, पण घर धास्तावलं. आधी खाली फाटकापर्यंत जाणं बंद झालं, मग भाजी निवडणं, मग चहासुद्धा पलंगावर येऊ लागला. हडपसरच्या ज्या शेतात तिची हयात गेली, त्याच शेतावर उभ्या राहिलेल्या इमारतीत, नवव्या मजल्यावर, ती दिवसभर उशीला टेकून बसे. येणारे-जाणारे म्हणत, असा मुलगा नशिबाने मिळतो. खोटं नव्हतंच ते. कुणी छळलं असतं तर चार शब्द सुनावता तरी आले असते. लाडाशी भांडायचं कसं?

पडद्यावर एक तगडा अंतराळवीर हवेत तरंगत होता. अनंत रंगात आला होता.

"तिथे पायांवर भारच नाही, म्हणून मांड्या वाळतात. महिन्याला हाडाचा शेकडा एक-दीड हिस्सा झिजू शकतो. शरीर मोठं कंजूष असतं. जे वापरात नाही, ते सांभाळत बसत नाही. म्हणून ही मंडळी वर रोज दोन-दोन तास व्यायाम करतात. तरीही परतल्यावर त्यांना असं उचलून खुर्चीत बसवतात."

पडद्यावर तोच गडी आता खुर्चीत होता, मांडीवर पांघरूण. बायडाबाईने शालीखाली हात घालून मांडी चाचपली. सैल कातड्याखाली लगेच हाडच लागलं.

"उलट उदाहरण पाहायचंय?" अनंतने हात तिच्याकडे केला. "ही माझी आई. तीस वर्षं मंडईत डोक्यावरून भाजीच्या पाट्या वाहिल्या हिने. ओझ्याने हाड घडतं ते असं."

सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मागचे काही जण तिला पाहायला उठूनही उभे राहिले. बायडाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी प्रश्नांसाठी चिठ्ठ्या वाटल्या. तिच्या शेजारी शरच्चंद्र नावाचे एक निवृत्त मास्तर बसले होते. ते पेन काढून तयारच होते. व्याख्यानाला येऊन प्रश्न न विचारता घरी जाणं त्यांना कमीपणाचं वाटत असावं.

"माझाबी एक लिवता का?" बायडाबाई हळूच म्हणाली. "माझं अक्षर पोरगं वळखंल."

"सांगा."

"वर धाडायच्या आदी त्या मानसास्नी इचारत्यात का?"

मास्तरांनी आधी व्हीलचेअरच्या ब्रेककडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"विचारत नसावेत," ते कोरडेपणाने म्हणाले. "पण लेखी विचारलेलं बरं." आणि त्यांनी तो प्रश्न शुद्ध भाषेत लिहून चिठ्ठी पुढे दिली.

सूत्रसंचालकाने ती वाचली तेव्हा थोडा हशा झाला. अनंतही हसला.

"अर्थात विचारतात. धोके समजावून सांगतात, सही घेतात. न विचारता धडधाकट माणसाचे पाय असे काढून घेतले, तर त्याला विज्ञान नाही म्हणत. त्याला गुन्हा म्हणतात."

पुन्हा टाळ्या पडल्या. मास्तर तेवढे हात बांधून बसले.

गर्दी पांगू लागली तशी बायडाबाईने शाल बाजूला केली. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर रोवले आणि उठली. अर्धीच उठली. गुडघे लटपटत होते, पण ते तिचे होते, आणि अजून एक रेटा दिला असता तर ती उभी राहिली असती. तेवढ्यात चौघे धावले.

"अहो आजी, बसा, बसा. आम्ही आहोत ना."

"उठू द्या हो त्यांना," मास्तर म्हणाले. कुणी ऐकलं नाही. आठ हातांनी तिला अलगद खाली बसवलं आणि एका बाईने शाल पुन्हा नीट पसरली.

पार्किंगमध्ये अनंत खुशीत होता.

"तो चिठ्ठीवाला पाहिलास? पुण्यात एक तरी तिरका प्रश्न येणारच."

"तू जबाब चोख दिलास," बायडाबाई म्हणाली. आणि तिने पुढे जोडलं, "घरी गेल्याव तेवढी माझी काठी काढ माळ्यावरनं."

"काढू की," अनंत म्हणाला. जत्रेतलं खेळणं मागणाऱ्या पोराला म्हणावं, तसं.

मग त्याने एक हात तिच्या पाठीमागे घातला, दुसरा गुडघ्यांखाली, आणि तिला उचललं. तिचे पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबकळले.

"अगं, किती हलकी झालीयेस तू," तो मायेने म्हणाला आणि तिला सीटवर ठेवून त्याने पट्टा लावला.