चौगुलेकाकांचा फोटो

निवृत्त झाल्यावर चौथ्या महिन्यात मी डाव्या हातापासून पुसट व्हायला लागले. आधी नखं गेली, मग बोटं. कप धरला की तो हवेत तरंगतोय असं दिसायचं. डॉक्टर म्हणाले, "या वयात होतं असं. कॅल्शियम घ्या."

मिरजेतल्या एका दवाखान्यात मी अठ्ठावीस वर्षं एक्स-रे काढले. तिथे कॉम्प्युटर आले तेव्हा डार्करूममधले ट्रे, लाल दिवा आणि मी एकाच दिवशी बाहेर पडलो.

शेजारच्या फरीदा बागवानची हनुवटी गेली होती. एका सकाळी ती नाकापर्यंत ओढणी घेऊन दारात उभी राहिली.

"शैलजाताई, मोबाईलमध्ये मी येईनाच झालीय. नुसती ओढणी येतीय."

मी घरातला जुना फिल्मचा कॅमेरा काढला. तिचा फोटो घेतला आणि गल्लीतल्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत अंधार करून धुतला. ट्रेमध्ये कागदावर हनुवटी उमटत गेली, तसतशी ती फरीदाच्या चेहऱ्यावरही येत गेली. हनुवटीवर तीळ होता. आठ वर्षं शेजारी राहून मला तो माहीत नव्हता. मग तिने माझा फोटो काढला आणि माझी बोटं परत आली. स्वतःच स्वतःचा काढलेला फोटो मात्र कोरा येतो, हे आम्ही करून पाहिलं.

उन्हाळ्यापर्यंत दर रविवारी एकोणीस माणसं यायला लागली. ज्याने त्याने दुसऱ्याचा फोटो काढायचा, दोघांनी मिळून धुवायचा. कुणाची पाठ गेली होती, कुणाचे गुडघे. एका बाईंचा तर फक्त आवाज उरला होता. सगळे परत आले, आणि येताना एकमेकांसाठी घरची चटणी, लोणची घेऊन यायला लागले. मी आयुष्यात हजारो हाडं पाहिली, पण इतका अभिमान मला कशाचाच वाटला नव्हता.

राहिले चौगुलेकाका. एकतीस वर्षं ते आमच्या भागात पाणी सोडायचे. पहाटे सायकलवरून लोखंडी चावी घेऊन यायचे, रस्त्यातलं झाकण उचलायचे, चावी फिरवायचे. आता तिथे आपोआप चालणारं यंत्र आहे. काकांचा फक्त सदरा शिल्लक होता, आणि त्याच्या खिशातलं पेन.

"काय करायचंय आता दिसून?" सदरा म्हणाला.

"बसा की काका," फरीदा म्हणाली. "आम्हाला बघायचंय."

आम्ही तीन रोल संपवले. तिन्हींवर खुर्चीत नुसता सदरा आला. फरीदा ती निगेटिव्ह बराच वेळ उजेडात धरून उभी होती.

"त्यांना कुणी नीट बघितलंच नाही, ताई. पाणी आलं की आपण कळशी बघायचो."

म्हणून पुढच्या रविवारी सकाळी आठ वाजता आम्ही खुर्ची गल्लीच्या मध्यावर मांडली. कॅमेरा तिकाटण्यावर चढवला. शटर उघडं ठेवणारी केबल लावली आणि मी तिचं बटण अंगठ्याने दाबून धरलं. एकोणीसही जण काकांकडे बघत उभे राहिले.

"हलू नका काका," मी म्हणाले.

"हलायला आहे काय माझ्याकडे?"

नऊ वाजता कॉलरच्या वर मान आली. फोटो ट्रेमध्ये धुवायची वाट न बघताच ते यायला लागले होते. एवढा उजेड खाल्ला तर फिल्म पार काळी होते, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी बटण सोडलं नाही. कोपऱ्यावरच्या पुजारीबाई गॅस बंद करायला घरात गेल्या, तर मानेची एक बाजू लगेच पुसली गेली. त्या धावत परतल्या. त्यानंतर कुणीच जागचं हललं नाही. घराघरांत कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या.

दहा वाजता शेजारच्या गल्लीतले लोक आले. "काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"चौगुलेकाकांना बघतोय," आम्ही म्हणालो. तेही उभे राहिले. त्यांच्यामागे भाजीवाले आले, मग लग्नाला निघालेली एक टेम्पोभर माणसं. गल्ली भरली, तशी दोन्ही बाजूंची घरं खांद्याला खांदा लावून पुढे सरकली. आता परत जायला वाटच नव्हती. मला माझ्या गल्लीचा इतका अभिमान वाटला, की डोळे भरून आले, पण मी पापणी मिटली नाही.

माझा अंगठा बधिर झाला. फरीदाने तिचा अंगठा माझ्या अंगठ्यावर ठेवला. तिच्या अंगठ्यावर पुजारीबाईंनी ठेवला. मग मागून हात येत गेले.

कान आले. गालावरचे देवीचे व्रण आले. डोळे आले, आणि ते आम्हाला एकेक करून बघू लागले.

"काका, अजिबात हलू नका," मी म्हणाले. "थोडंच राहिलंय."

सगळ्यात शेवटी ओठ आले, आणि काहीतरी सांगायला उघडले.