जळबाची मिशी आणि तीस अस्वलं

साखरा गावच्या माळापलीकडच्या राखीव जंगलात अस्वल आहे, असं वनमजूर जळबा सहा वर्षं सांगत होता आणि सगळे हसत होते. जनावरं मोजायला कॅमेरे आले, तेव्हा त्यानं नव्या वनाधिकारी राजनंदिनी मॅडमसमोर मिशीला पीळ दिला.

"म्याडम, या मोजणीत अस्वल न्हाई निघालं, तर कनेरगाव नाक्यावर बसून मिशी काढतो."

मिशी साधी नव्हती. मांडवात सासऱ्यानं जावयापेक्षा तिचंच जास्त कौतुक केलं होतं. बायको कमलबाईचं म्हणणं मात्र असं, की सव्वीस वर्षं घरातला निम्मा चहा ती मिशीच पिते.

कॅमेरा झाडाला बांधला, की समोरून कुणीतरी चार पायांवर चालून दाखवायचं, फोटो निघतो का ते बघायला. वनरक्षक हरीशचं पोट जमिनीला टेकायचं, म्हणून हे काम जळबाकडं आलं. थंडी कडाक्याची. काळी घोंगडी डोक्यावरून घेऊन तो तीसच्या तीस कॅमेऱ्यांपुढं रांगला. ते फोटो पुसायचं काम हरीशचं. हरीशनं ते उद्यावर टाकलं.

महिन्याभरानं सगळे फोटो कॉम्प्युटरला दिले. जनावरं त्यानंच ओळखायची, त्यानंच मोजायची. यादी आली. रोही एक्केचाळीस, रानडुकरं सहासष्ट, कोल्हे नऊ, अस्वलं तीस.

ऑफिस गार पडलं. जळबाला पहिल्यांदाच खुर्ची मिळाली. मॅडमनी हिंगोलीला फोन लावला आणि दुपारी मोठे साहेब पेढे घेऊनच आले.

साहेबांनी एक अस्वल पडद्यावर मोठं केलं. तब्येत चांगली आहे म्हणाले. पाठीवर निळा पट्टा कसा, नवी जात की काय, असंही विचारलं. पट्टा बघून जळबानं उचललेला पेढा परत ठेवला. घोंगडी फाटली तेव्हा कमलबाईनं तिला जुन्या लुगड्याचं निळं ठिगळ लावलं होतं.

एवढं बस झालं, असं तो पुटपुटला. साहेबांनी पुढचा फोटो पडद्यावर आणला. त्यात अस्वल उभं राहून तंबाखू मळत होतं.

हरीश हळूच म्हणाला, "जळबा, चुन्याची डबी बी दिसून राहिली."

साहेबांनी पेढ्यांचा बॉक्स बंद केला. मॅडम म्हणाल्या, मिशीचं राहू द्या.

"न्हाई म्याडम," जळबा म्हणाला. "बोललो ते बोललो."

नाक्यावरच्या सलूनात दुसऱ्या दिवशी निम्मं साखरा जमलं. कमलबाई पहिल्या रांगेत.

"मुळापासून काढा, भाऊ," ती सलूनवाल्याला म्हणाली.

डावी बाजू उतरली आणि हरीशचा फोन आला. कॅमेरे उतरवायला गेलेला तो झाडावरून बोलत होता. सतरा नंबरच्या कॅमेऱ्यापाशी अस्वल आलं होतं. खरंखुरं, पाठीवर दोन पिलं घेऊन. फोटो निघाला का, जळबानं विचारलं. निघाला असंल, हरीश म्हणाला, पण कॅमेरा तिनं चावून नाल्यात टाकला.

साक्षीला हरीश तर आहे, असं म्हणून जळबा सलूनवाल्याला थांबवायला वळला. तोवर उजवी बाजूही उतरली होती.